शेततळ्यातल्या माशांना समुद्री शैवालाचा अर्क : केव्हा, किती आणि कसा

मत्स्यपालनाचं कुठलंही पुस्तक उघडा. मासे आजारी पडले की पहिला उपाय ठरलेला असतो : तळ्यातलं पाव हिस्सा पाणी काढा आणि ताजं पाणी भरा. उपाय बरोबर आहे. पण लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर, औसा या तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यात तो करणार कोण? विहिरीने तळ गाठलेला, बोअर तासभर चालून बंद पडणारं, आणि तळ्यात जे पाणी उरलंय त्यावर मोसंबीची किंवा भाजीची बागही अवलंबून. लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या एप्रिलमध्ये पोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं काठोकाठ भरलं तर त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. त्यातलं पाव हिस्सा बदला, असं सांगणं म्हणजे त्या एका गाडीएवढं पाणी दुष्काळात शोधून आणा, असं सांगणं.

म्हणून मराठवाड्यातल्या मत्स्यपालकाने आजार झाल्यावर काय करायचं याच्या आधी, आजार होऊ नये म्हणून काय करता येईल, हा विचार केला पाहिजे. कटला-रोहूला टोचायची लस आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हाती सहज येत नाही. प्रतिजैविकं खाद्यात कालवून देण्याची वाट धोक्याची आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांना तर मत्स्यपालनात बंदीच आहे, आणि बाकीची औषधं अंदाजपंचे दिली तर जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. उरतो तिसरा मार्ग : माशाची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती वेळेआधी जागी करणं. त्यासाठी समुद्री शैवालाचा अर्क हा अभ्यासाने तपासलेला उपाय आहे. नांदेड-लातूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब असला तरी हा पदार्थ कोरड्या भुकटीच्या रूपात आपल्यापर्यंत येऊ शकतो. तो कधी द्यायचा, किती द्यायचा आणि कधी त्यावर एक रुपयाही खर्च करायचा नाही, हे नीट समजून घेऊ.

शैवालात असं काय आहे?

समुद्री शैवालाचे तीन मोठे गट आहेत. तपकिरी गटात सरगॅसम, पॅडिना, टर्बिनेरिया येतात. लाल गटात कप्पाफायकस आणि ग्रॅसिलेरिया. हिरव्या गटात उल्वा. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खडकाळ किनाऱ्यावर सरगॅसम आणि उल्वा नैसर्गिकरीत्या वाढतात. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर कप्पाफायकसची शेती होते. तिच्यामागे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेचं काम आहे.

या वनस्पतींच्या पेशीभिंतींत आणि साठ्यांत लांब साखळ्यांच्या शर्करा असतात. तपकिरी शैवालात फ्युकॉयडान, लॅमिनॅरिन आणि अल्जिनेट, लाल शैवालात कॅराजिनन आणि अगार, हिरव्यात उल्व्हान. जमिनीवरच्या पेंड-कोंड्यात हे पदार्थ सापडत नाहीत. शैवालाचा खरा गुण याच शर्करांत आहे. त्यांच्या जोडीला काही खनिजं आणि ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थही असतात.

माशाला या शर्करांचा उपयोग कसा होतो ते समजलं की मात्रेचा आणि वेळेचा सगळा हिशेब आपोआप कळतो. माशाची प्रतिकारशक्ती दोन थरांची असते. एक थर जन्मजात : अंगावरचा बुळबुळीत स्राव, रक्तातलं लायसोझाइम, आणि जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. दुसरा थर शिकलेला : एकदा झालेला रोग लक्षात ठेवून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करणारा. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी गार झालं की हा दुसरा थर फार मंद चालतो; प्रतिपिंडं पुरेशी तयार व्हायला कित्येक आठवडे जातात. तेवढ्यात रोग आपलं काम करून जातो. म्हणून माशाची सगळी भिस्त पहिल्या थरावर असते. शैवालातल्या शर्करांची ठेवण जिवाणू-बुरशीच्या आवरणातल्या काही शर्करांशी मिळतीजुळती असते. माशाच्या पांढऱ्या पेशी त्यांना ओळखतात आणि शत्रू आल्यासारख्या तयार होतात : गिळण्याचा वेग वाढतो, लायसोझाइम वाढतं, जिवाणू मारणारे पदार्थ जास्त सुटतात. गावात चोर शिरण्याआधी जागल्याने हाळी देऊन माणसं जागी करावीत, तसं हे काम आहे. शिवाय न पचलेल्या शर्करा आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य होतात.

हे केवळ परदेशातल्या सामन-ट्राउटवर पाहिलेलं नाही. मुंबईत वर्सोव्याला असलेल्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी सरगॅसम वायटी या तपकिरी शैवालाची भुकटी आणि त्याचा फ्युकॉयडानयुक्त अर्क रोहूच्या खाद्यात घालून तपासला, आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. असाच अर्क पंगसच्या बोटुकलीवरही तपासलेला आहे. रोहू आणि पंगस हे दोन्ही मासे आपल्या तळ्यांत आहेत. अशा प्रयोगांत अर्क खाल्लेल्या माशांच्या प्रतिकाराच्या खुणा वाढलेल्या दिसल्या, आणि मुद्दाम जिवाणूंचा संसर्ग घडवल्यावर त्यांच्यात मरतूक कमी झाली. मात्र हे प्रयोग टाक्यांत, मोजक्या माशांवर, काही आठवड्यांसाठी होतात. आपल्या तळ्यात शेवाळाची साय, बगळे, पेंडीची धूळ आणि ४२ अंशांचं ऊन असतं. प्रयोगशाळेतला आकडा जसाच्या तसा तळ्यात उतरेल, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

मराठवाड्याच्या तळ्याचं रोगांचं वेळापत्रक

माझा सगळ्यात जास्त भर इथे आहे, कारण अर्क वाया जातो तो बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यात दिल्याने.

आपलं शेततळं जून-जुलैच्या पावसावर भरतं. बोटुकली सोडली जाते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्यानंतर संकटाच्या वेळा तीन.

पहिली, बीज सोडल्यानंतरचे दहा-पंधरा दिवस. लांबच्या केंद्रावरून प्लास्टिकच्या पिशव्यांत दाटीवाटीने आलेली, खवलं घासलेली, श्वास कोंडलेली बोटुकली तळ्यात पडते. ही मरतूक आपल्याला बऱ्याचदा दिसतही नाही, कारण मेलेली लहान पोरं तळाशी बसतात किंवा पक्षी उचलून नेतात. मार्चमध्ये जाळं ओढल्यावर निम्मे मासे कुठे गेले, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर बहुतेकदा त्या पहिल्या पंधरवड्यात असतं. इथे अर्काचा उपयोग थोडा उशिरा होतो, कारण तो अंगी लागायला दोन आठवडे हवेत. बीजकेंद्रावरच किंवा आपल्या संगोपन हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात) आधी दिला असेल तर उत्तम. तळ्यात सोडल्यावर मासा खाद्यावर यायला लागला की सुरू करावा. अगदी लहान जिऱ्यांना हा अर्क देऊ नये, त्यांची प्रतिकारयंत्रणाच अजून घडत असते. सात-आठ सेंटिमीटरची बोटुकली झाल्यावरच द्यावा.

दुसरी वेळ डिसेंबर-जानेवारी. रात्रीचा पारा दहाच्या आसपास घसरला की उथळ तळ्याचं पाणीही गारठतं. मासा तळाशी बसतो, खात नाही. अंगावर लाल चट्टे, मग खोल जखमा दिसतात. हा बुरशीमुळे होणारा लाल व्रणांचा रोग थंडीतच जोर करतो, आणि मृगळ, मरळ यांना तो विशेष छळतो. जखमेवर मग ॲरोमोनाससारखे जिवाणू चढतात. थंडीत मासा खात नसल्याने त्या वेळी अर्क सुरू करून काही हाती लागत नाही. तो दिवाळीच्या सुमारास, पाणी अजून कोमट असतानाच पोटात गेलेला हवा.

तिसरी वेळ एप्रिल-मे, आणि ती सगळ्यात घातक. बाष्पीभवनाने पाणी रोज सेंटिमीटरभर उतरत असतं, त्यात बागेला उपसा चालू. तेवढेच मासे, पण वजनाने दुप्पट-तिप्पट, अर्ध्या पाण्यात राहतात. तळाशी खाद्याचा आणि विष्ठेचा गाळ, अमोनिया वाढलेला, आणि पहाटे विरघळलेला प्राणवायू तळ गाठतो. माशांची पोटं फुगणं, शेपटी-पर कुजणं, कल्ले पांढरट पडणं, अंगावर उवा दिसणं, सगळं याच काळात. इथे अर्क सुरू करायची वेळ फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य. होळीनंतर जाग आली तर थोडा उशीर झाला, पण तरीही द्यावा. मासे तरंगू लागल्यावर मात्र पैसे घालवू नयेत.

बाराही महिने अर्क देण्याची गरज नाही; तसं देऊही नये. प्रतिकारयंत्रणेला सतत चाळवत राहिलं की ती पुढे नीट प्रतिसाद देईनाशी होते. सलग २१ दिवस द्यावा, मग किमान दीड महिना पूर्ण बंद. पावसाच्या पाण्यावर चालणाऱ्या एका हंगामाला दिवाळीची एक आणि होळीआधीची एक, अशा दोन फेऱ्या माझ्या मते पुरेशा आहेत. सोबत बोटुकलीच्या वेळची छोटी फेरी जमली तर चांगलंच.

मात्रेचा हिशेब

कोरड्या अर्काची मात्रा खाद्याच्या वजनाच्या १ टक्क्यापासून सुरू करावी. अर्क न काढलेली नुसती शैवालाची भुकटी असेल तर ३ ते ५ टक्के. शुद्ध फ्युकॉयडानसारखा महागडा पदार्थ असेल तर त्याची मात्रा फारच कमी असते, ती लेबलवर पाहावी. जास्त घातलं तर जास्त फायदा, हा नियम इथे लागू नाही. भुकटीत तंतुमय भाग आणि मीठ असतं; प्रमाण वाढलं की खाद्याची पचनीयता घटते आणि मासा वाढायचा थांबतो.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात ९०० बोटुकल्या सोडल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ८०० मासे आहेत, सरासरी वजन १५० ग्रॅम, असं धरू. एकूण वजन १२० किलो. त्याच्या ३ टक्के म्हणजे दिवसाला ३ किलो ६०० ग्रॅम खाद्य. त्यात १ टक्का अर्क म्हणजे रोज ३६ ग्रॅम, आणि २१ दिवसांचे साधारण ७५६ ग्रॅम. फेब्रुवारीअखेरीस ७५० मासे, सरासरी ४०० ग्रॅम : वजन ३०० किलो, अडीच टक्क्याने खाद्य साडेसात किलो, अर्क रोज ७५ ग्रॅम, २१ दिवसांचे १ किलो ५७५ ग्रॅम. दोन्ही फेऱ्या मिळून अडीच किलोच्या आत काम होतं. विकत घेताना दुकानदाराने दहा किलोची पिशवी पुढे केली तर हा हिशेब लक्षात असू द्या.

हिशेब बरोबर यायचा तर माशांचं वजन अंदाजाने धरून चालत नाही. फेकजाळं टाकून तळ्याच्या तीन-चार बाजूंनी पंचवीस-तीस मासे पकडा, बादलीत पाणी ठेवून एकदम वजन करा, संख्येने भागा. सकाळी गारव्यात करा आणि मासे लगेच परत सोडा. कटला, रोहू, मृगळ वेगवेगळे मोजले तर आणखी चांगलं, कारण कटला पुढे निघून गेलेला असतो आणि मृगळ मागे राहिलेला.

खाद्याला अर्क लावायची रीत

या शर्करा पाण्यात विरघळतात. त्यामुळे अर्क कोरडाच खाद्यावर भुरभुरवून तळ्यात टाकला, तर बराचसा माशाच्या तोंडात जाण्याआधी पाण्यात विरतो. तळ्यात नुसता ओतणं तर शुद्ध नासाडी. वर त्याने पाण्यात शेवाळ वाढायला मदत होईल.

विकतचं तरंगतं गोळी खाद्य असेल तर असं करा : दर किलो खाद्याला शंभर-सव्वाशे मिलिलिटर कोमट पाणी घ्या, त्यात त्या दिवसाचा अर्क पूर्ण विरघळवा. खाद्य स्वच्छ ताडपत्रीवर पसरा, फवारणीच्या छोट्या पंपाने किंवा हाताने सगळीकडे सारखं शिंपडा, वरखाली करा. हा पंप कधीही कीटकनाशकाला वापरलेला नसावा. माशासाठी कीटकनाशकाचा थेंबसुद्धा जीवघेणा आहे. अर्धा-पाऊण तास सावलीत सुकू द्या. मग किलोला दहा-पंधरा मिलिलिटर तेल चोळा. सोयाबीनचं तेल आपल्याकडे घरोघरी आहेच, तेच चालतं. तेलाचा पातळ थर बसला की अर्क पाण्यात लवकर सुटत नाही. लावलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी बुरशी धरू शकतं, आणि बुरशीचं खाद्य माशाचं यकृत खराब करतं.

पेंड-कोंड्यावर मासे पाळणाऱ्यांची संख्या आपल्याकडे अजून मोठी आहे. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मेनिम्मे, काही ठिकाणी सोयाबीनची पेंड. पेंड रात्री भिजवा, सकाळी कोंडा आणि विरघळवलेला अर्क घालून घट्ट मळा, गोळे करा. हे गोळे तळ्यात फेकू नका. छिद्रं पाडलेल्या गोणीत भरून खुंट्याला बांधा किंवा खाद्यताटात ठेवून पाण्यात सोडा. तासाभराने ताट वर काढून पाहा. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी द्या. कच्चं सोयाबीन दळून घालणारे काही जण आहेत. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, म्हणून ते भाजून किंवा उकडूनच वापरावं. अर्क मात्र गरम मिश्रणात न घालता कोमट झाल्यावर मिसळावा.

खाद्य देण्याची वेळ ऊन चढल्यावरची ठेवा, सकाळी दहाच्या सुमारास. पहाटे प्राणवायू कमी असतो, मासा नीट खात नाही.

विकत घेताना

पिकांवर फवारायचं शैवालाचं उत्पादन आता खेड्यापाड्यातल्या कृषी सेवा केंद्रात मिळतं. इफकोची 'सागरिका' सोयाबीन आणि ऊस करणाऱ्यांना ओळखीची आहे. ती पिकांसाठी बनवलेली आहे, आणि पिकासाठीच वापरावी. बाटलीवर शैवाल लिहिलंय म्हणून तीच खाद्यात ओतायचा मोह होतो, तो टाळा. पिकांच्या उत्पादनांत शैवालाखेरीज आणखी घटक आणि टिकाऊपणासाठीची द्रव्यं असू शकतात. माशाच्या पोटात ती जाऊ नयेत, आणि पुढे माणसाच्याही.

माशांसाठीचं उत्पादन घेताना लेबलवर पाच गोष्टी शोधा : कोणत्या जातीचं शैवाल, भुकटी आहे की अर्क, त्यात शर्करांचं प्रमाण किती, ओलावा किती, आणि पशू किंवा मत्स्यखाद्यासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख. बॅच क्रमांक आणि वापराची मुदत पाहाच. जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागा. काही तपकिरी शैवालं समुद्राच्या पाण्यातलं आर्सेनिक आपल्यात साठवतात, म्हणून हा आग्रह धरायचा. चांगला विक्रेता अहवाल दाखवतो. जो "शंभर टक्के नैसर्गिक आहे, काळजी नको" एवढंच सांगतो, त्याच्याकडून घेऊ नका.

कोकणात फिरायला गेल्यावर किनाऱ्यावर पडलेलं शैवाल पोत्यात भरून आणण्याचा विचारही करू नका. ते कुजायला लागलेलं असतं, त्यात वाळू, मीठ आणि कधी डांबराचे गोळेही असतात. घरी शैवाल उकळून काढा करण्याची पद्धत सांगणारेही भेटतील. पद्धत खोटी नाही, गरम पाण्याने शर्करा निघतात हे खरं. पण दर वेळी काढ्याची ताकद वेगळी येते आणि मात्रेचा ताळमेळ राहत नाही. अर्क परवडत नसेल तर काढ्यापेक्षा खात्रीची कोरडी भुकटी बरी.

अर्क काय करू शकत नाही

अर्काने माशाच्या उवा मरत नाहीत. पहाटेचा प्राणवायू वाढत नाही. अमोनिया उतरत नाही. ही कामं वेगळी आहेत आणि ती आधी करायची आहेत.

प्लास्टिकच्या कागदाच्या तळ्यात मातीचा तळ नसल्याने घाण जिरत नाही, साचून राहते. दर हंगामाला तळं रिकामं झालं की कागद धुवून उन्हात वाळवा. पाण्याचा सामू साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असावा. आपल्या भागातलं बोअरचं पाणी आधीच जड आणि अल्कधर्मी असतं, म्हणून कोकणातल्या किंवा बंगालातल्या शिफारशी वाचून डोळे झाकून चुना टाकू नका. आधी सामू मोजा. विरघळलेला प्राणवायू लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर असावा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पंपाने त्याच तळ्याचं पाणी उचलून उंचावरून परत तळ्यात पाडा. नवीन पाणी नसलं तरी एवढं करता येतं, आणि त्याने अनेक मासे वाचतात. मे महिन्यात पाणी पाच फुटांच्या खाली जाणार हे दिसत असेल, तर मोठे मासे मार्च-एप्रिलमध्येच विकून गर्दी कमी करा. सगळ्या अर्कांपेक्षा हा निर्णय जास्त मासे वाचवतो. ज्याला गर्दी कमी करायची नाही, पाणी मोजायचं नाही, त्याने अर्कावर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विष्णुपुरी, लिंबोटी, मानार, मांजरा अशा धरणांत मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थांच्या सभासदांनी हे लक्षात घ्यावं की जलाशयात खाद्य दिलं जात नाही, त्यामुळे तिथे अर्क देण्याचा मार्गही नाही. तरी बीज जलाशयात सोडण्याआधी महिनाभर काठच्या तळ्यात किंवा पिंजऱ्यात वाढवत असाल, तर त्या काळात २१ दिवसांची फेरी जरूर द्या. धरणात गेलेल्या बोटुकलीला पुन्हा हात लावता येणार नसतो.

आपल्या तळ्यात तपासून पाहा

दोन सारखी तळी असतील तर एका तळ्यात अर्क, दुसऱ्यात नाही. एकच तळं असेल तर त्यातच दोन हापे बांधा. प्रत्येकात एकाच आकाराचे पन्नास मासे, एकाच प्रकारचं खाद्य, फक्त एका हाप्याला अर्क. दर पंधरा दिवसांनी वजन, रोजची मरतूक आणि अंगावरच्या जखमा वहीत लिहा. उन्हाळा संपेपर्यंत लिहीत राहा, कारण फरक दिसायचा असेल तर तो मे महिन्यात दिसेल, अर्क चालू असताना कदाचित दिसणारही नाही. मग पैशाचा हिशेब करा. ७५० पैकी ८० मासे जास्त वाचले आणि प्रत्येक पाऊण किलोचा झाला, तर ६० किलो मासळी हाती आली. तुमच्या बाजारातल्या भावाने तिची किंमत काढा, त्यातून अर्काचा खर्च वजा करा. शिल्लक उरत नसेल तर पुढच्या वर्षी अर्क घेऊ नका. कुणी कितीही जाहिरात केली तरी.

मासे आजारी पडलेच, तर मेलेला आणि फुगलेला मासा घेऊन सल्ला मागू नका, त्यातून निदान होत नाही. नुकताच आजारी दिसणारा, अजून जिवंत असलेला मासा तळ्याच्याच पाण्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीत घ्या. ते शक्य नसेल तर ताजा मासा बर्फात ठेवा. सोबत वेगळ्या बाटलीत तळ्याचं पाणी न्या. खाद्य कोणतं, शेवटचं औषध काय टाकलं, किती दिवसांपासून मरतूक आहे, हे कागदावर लिहून न्या. लातूर जिल्ह्यातच उदगीरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. मुखेड, देगलूर, अहमदपूरकरांना ते अगदी जवळ. नांदेडच्या बाजूला सगरोळी आणि पोखर्णीची कृषी विज्ञान केंद्रं आहेत. प्रत्येक जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांचं कार्यालयही असतं. सागरी शैवालाचं जे उत्पादन तुम्ही घेणार आहात, त्याचं लेबल विकत घेण्याआधी या तज्ज्ञांना दाखवा.

दिवाळीची फेरी द्यायची असेल तर दसऱ्याच्या आधी फेकजाळं टाकून माशांचं वजन करून ठेवा, आणि त्या वजनावरून लागेल तेवढाच अर्क मागवा.